शेवटची अडीच पानं

चौथीच्या बाईंकडे वाचनाचा तास आला, तो दुसऱ्या कुणालाच नको होता म्हणून. शुक्रवारचा शेवटचा तास. तोवर मुलांचं निम्मं अंग दप्तरात आणि निम्मं फाटकाबाहेर गेलेलं असतं. बाकीचे शिक्षक त्या वेळात वह्या तपासून घ्यायचे आणि मुलांना डोकी बाकावर टेकवून गप्प पडून राहायला सांगायचे. बाईंनी पहिल्या शुक्रवारी कपाटातली पातळ, रंगीत चित्रांची पुस्तकं वाटली. दहा मिनिटांत सगळ्यांची वाचून झाली. कसं वाटलं म्हणून विचारलं, तर सव्वीस तोंडांतून एकच शब्द आला, "छान." तो शब्द बाईंच्या डोक्यात दोन दिवस माशीसारखा घोंगावत राहिला.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी घरून एक कादंबरी आणली. तीनशे बारा पानं, बारीक टाइप, एकही चित्र नाही, आणि लिहिलेली मोठ्या माणसांसाठी. रेल्वेच्या एका वळणावर सिग्नलची केबिन; तिथे काम करणारा माणूस, त्याची बायको, एक थोरली मुलगी आणि एक धाकटा. बस, एवढीच माणसं. बाई आठ-दहा पानं मोठ्याने वाचायच्या आणि मग पुस्तक मिटून म्हणायच्या, बोला. नियम दोनच होते. ‘आवडलं’ म्हणून सुटका नाही, कुठल्या ओळीत ते सांगायचं. आणि कितीही अवघड, कितीही वाईट आलं तरी गाळायचं नाही.

पहिले दोन शुक्रवार मुलं एकमेकांची तोंडं बघत बसली. तिसऱ्या शुक्रवारी केबिनवाला घरात शिरताना शीळ घालतो, ती का घालतो यावरून वर्गात रणकंदन माजलं. एक मुलगा प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘पण’ने करायचा, त्याला वर्गाने पणजोबा करून टाकलं होतं. त्याचं म्हणणं, तो खूश आहे म्हणून शीळ घालतो. समोरच्या रांगेतली एक लांब वेणीची मुलगी, जिला शिक्षकखोलीतसुद्धा वकीलीणबाई म्हणत, ती पानं उलटायला लावून म्हणाली की शीळ घातली त्या तिन्ही वेळा घरात आधी भांडण झालेलं आहे, तेव्हा तो खूश असूच शकत नाही. बाई खुर्चीत मागे रेलल्या. तीस वर्षांच्या नोकरीत आपण आज पहिल्यांदा पगाराला जागलो, असं त्यांना वाटलं.

आणि मुंगी. अंगाने एवढीशी, अक्षर त्याहून एवढंसं, म्हणून मुंगी. पहिल्या बाकावर बसायची. ती महिन्यातून एकदा बोलायची, पण बोलली की वर्ग थांबायचा. केबिनवाला धाकट्यावर विनाकारण ओरडतो, त्या प्रकरणावर सगळ्यांनी त्याला दुष्ट ठरवून टाकलं होतं. मुंगी म्हणाली, "त्याला राग नाही आलेला. तो घाबरलाय. मोठी माणसं घाबरली की ओरडतात." हे तुला कसं कळलं, असं बाईंनी विचारलं नाही. खूप नंतर त्यांना वाटलं, विचारायला हवं होतं.

वर्ष असंच पुढे सरकलं. पुस्तकातली आई बाराव्या प्रकरणात आजारी पडली. मुलांनी डॉक्टरला नावं ठेवली, केबिनवाल्याला नावं ठेवली, पणजोबाने तर शहरातला मोठा दवाखाना सोडून हे लोक त्या वळणावर बसलेतच कशाला म्हणून लेखकालाच धारेवर धरलं. शेवट बाईंना ठाऊक होता. आई जाते. लेखक त्यावर एक अश्रू ढाळत नाही. थोरली सकाळी उठते, आईचं पांघरूण घडी घालून ठेवते आणि बापाचा डबा भरते, तिथे पुस्तक संपतं. मुलांना हे झेपेल अशी बाईंची खात्री होती. किंबहुना याच पानांवर मुलं काय बोलतील, याची त्या आतून वाटच बघत होत्या.

शेवटची पंधरा पानं उरली असताना एका मंगळवारी, घंटा व्हायच्या आधी, मुंगीचे वडील वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बोटांच्या पेरांत वंगण कायमचं मुरलेलं. त्यांनी बसायला नकार दिला, मग बसले, ते मुलांच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन. दोन महिन्यांपासून बायको इस्पितळात आहे, हे त्यांनी सांगितलं. आता डॉक्टर आठवड्यांच्या भाषेत बोलतात, हेही. लेकीला सांगितलंय की सुट्टी लागेपर्यंत आई घरी येईल. बायकोलाही तेच सांगितलंय.

बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

"ती रोज संध्याकाळी आईला तुमच्या पुस्तकातली गोष्ट सांगते," ते म्हणाले. "शुक्रवारी तुम्ही वाचता, ते आठवडाभर पुरवून पुरवून सांगते. आमची ही दुसरं काही ऐकत नाही हल्ली. टीव्ही नको, माणसं नकोत. एवढंच विचारते, पुढे काय झालं." मग जरा थांबून म्हणाले, "मी दुकानात उभ्या उभ्या शेवटचं पान वाचून आलो, बाई. शेवट बदलता येईल का?"

बाई म्हणाल्या, छापलेलं पुस्तक आहे, कसा बदलणार. आपलं हे वाक्य त्यांच्याच कानाला इतकं कोरडं लागलं की त्यांनी नजर खाली घेतली. त्यांनी दुसरे मार्ग सुचवून पाहिले. मुंगीला त्या तासाला दुसऱ्या कामाला पाठवू का? पण इतर मुलं डबा खाताना सांगतीलच. पुस्तक इथेच थांबवू का? तर मग आई विचारणार, पुढे काय झालं, आणि पोरगी म्हणणार, बाईंनी बंद केलं. आणि पुस्तक का बंद केलं हे न कळण्याइतकी आई खुळी नाही. वडिलांनी या सगळ्याचा विचार आधीच करून ठेवला होता. ते उठले, दारापाशी जाऊन वळले आणि नुसते हात जोडून उभे राहिले. हातात पान्यांची पिशवी तशीच.

मोठ्या बाईंना सांगणं भागच होतं. मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच नाक मुरडलं होतं. आता त्या म्हणाल्या की एवढ्याशा मुलांपुढे मरणाबिरणाच्या कादंबऱ्या कशाला, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही तो शेवट वाचायचा नाही, एवढं मला कळतं. बाकी कसं निस्तरायचं ते तुमचं तुम्ही बघा. बाईंना वाद घालायचा होता, की ही मुलं कच्ची नाहीत, ती पुस्तकातलं मरण पेलतील. पण पुस्तकाबाहेरचं?

बाईंचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासण्याच्या कामावरून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, त्यामुळे घरात मिठाच्या बरणीवरची चिठ्ठीसुद्धा शुद्ध होती. शेवट आपणच नवा लिहावा, हा बाईंचा बेत त्यांनी ऐकून घेतला आणि सपशेल नाही म्हटलं. लेखकाचं वाक्य चुकीचं असेल तर खूण करायची, पण बरोबर असेल तर त्याला बोट लावायचं नाही, असा त्यांचा बाणा. बाई उठून भांडी घासायला लागल्या. भांड्यांच्या आवाजावरून यजमानांना समजायचं ते समजलं. रविवारी दुपारी ते स्वतःच चष्मा पुसत टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "पुस्तक आण इकडे. निदान त्याच्यासारखं तरी लिहू."

दोघांनी मिळून दुपारभर अडीच पानं लिहिली. यजमान प्रत्येक वाक्याशी अडायचे. हा लेखक वाक्य ‘आणि’ने सुरू करत नाही, कुणाला काय वाटलं ते कधी सांगत नाही, विशेषणं तर औषधालाही नाहीत. बाईंनी लिहिलेली चार वाक्यं त्यांनी निर्दयपणे कापली. शेवटी जमलं ते असं: थोरली केबिनच्या पायऱ्यांवर बसलेली आहे, दुपारची गाडी वळणावर थांबते, आई काठी टेकत उतरते, थोरली तिच्या हातातली पिशवी घेते. कागद पुस्तकाच्या मापाने कापून आत ठेवले. शुक्रवारी सकाळी निघता निघता बाईंना राहवलं नाही. त्यांनी पेन काढून शेवटी आपलं एक वाक्य घातलं, ‘ती दुपार फार सुंदर होती.’ यजमान तेव्हा अंघोळीला गेले होते.

त्या तासाला कुणाचंच लक्ष दप्तराकडे नव्हतं. शेवटचं प्रकरण आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी खरी पानं वाचली, मग पान उलटल्यासारखं करून कागदावरचं वाचायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा ठेवायचा म्हणून त्या इतक्या जपून वाचत होत्या की तो नेहमीसारखा राहिलाच नाही. वाचून झालं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि सवयीने म्हणाल्या, बोला.

पणजोबाने हात वर केला. "पण बाई, मागच्या प्रकरणात डॉक्टर केबिनवाल्याला बाहेर बोलावून सांगतो ना? मग ती बरी कशी झाली?"

बाई म्हणाल्या, कधीकधी होतात बरी माणसं. डॉक्टरसुद्धा चुकतात.

"मग ते लिहायला पाहिजे होतं," पणजोबा म्हणाला. वर्गातून दोन-चार जणांनी माना डोलावल्या. वकीलीणबाई कपाळाला आठ्या घालून बसली होती. ती म्हणाली की हा लेखक सुंदर हा शब्द वापरत नाही, अख्ख्या पुस्तकात त्याने तो वापरलेला नाही, तिने तसं वहीत लिहून ठेवलंय. मग ती सरळ बाईंकडे बघून म्हणाली, "हे त्याचं वाटत नाही."

वर्षभर ज्यांना ओळीवर बोट ठेवून बोलायला शिकवलं, त्यांनीच आता बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं होतं. लेखकाला शेवटी तसं वाटलं असेल, असं काहीबाही त्या बोलल्या. मुलं लेखकावर चिडली. एकजण म्हणाला, कंटाळला असेल लिहून. दुसरी म्हणाली, त्याला कुणीतरी भीती घातली असेल. वकीलीणबाईने उठून पुस्तक बघायला मागितलं. बाईंचा हात पुस्तकावर होता. तो उचलावा की दाबून धरावा, त्यांना कळेना.

तेवढ्यात मुंगी उभी राहिली. "पुस्तकात तसंच आहे," ती म्हणाली. "मी पहिल्या बाकावर बसते. मला पान दिसत होतं."

मुंगी खोटं बोलत नाही, हे वर्गाला ठाऊक होतं. वकीलीणबाई खाली बसली. थोड्या वेळाने घंटा झाली.

सगळी गेली तरी मुंगी दप्तर आवरत रेंगाळली. मग टेबलाशी आली. पुस्तकाबाहेर कागदाची कड जराशी डोकावत होती. त्यावरची निळी शाई तिथून, पहिल्या बाकावरून, स्वच्छ दिसत असणार. ती म्हणाली, "बाई, ते कागद मला द्याल? आज आईला शेवट सांगायचाय. माझ्या तोंडून सांगताना चुकेल, वाचूनच दाखवते."

बाईंनी कागद काढून दिले. त्यांना विचारायचं होतं, तुला हे कधीपासून माहीत आहे, कुणी सांगितलं, तू एकटीने हे कसं बाळगतेस. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "तुला माहीत आहे?"

मुंगीने कागद वहीत नीट सरळ ठेवले, कोपरे दुमडणार नाहीत असे. "बाबांना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना वाटतं मला माहीत नाही."

ती गेल्यावर बाई बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या. बापाला लेकीचं सांगायचं नाही, लेकीला बापाचं सांगायचं नाही, आणि तिकडे इस्पितळातल्या त्या बाईला काय ठाऊक असेल ते तिचं तीच जाणे. तिघांच्या तीन गाठी बाईंच्या पदरात येऊन पडल्या होत्या, आणि त्यांतली एकही सोडवायची त्यांना परवानगी नव्हती. शिपाई खिडक्या लावायला आला आणि त्यांना बघून दचकला.

पुढच्या शुक्रवारी मुंगी आली नव्हती. वकीलीणबाई मात्र आली होती, आणि तिच्या हातात तीच कादंबरी होती, तिच्या मावशीच्या कपाटातली. घंटा झाल्या झाल्या ती उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "बाई, आई मरते. तुम्ही वाचलंत ते यात नाही."

बाई म्हणाल्या, "हो. त्यात नाही."

"मग तुम्ही का वाचलंत? तुम्हीच म्हणाला होतात गाळायचं नाही."

पंचवीस मुलं उत्तराची वाट बघत होती. उत्तर होतं. एका वाक्याचं होतं. ते सांगितलं असतं तर बाई सुटल्या असत्या आणि मुंगी अडकली असती. त्या म्हणाल्या, "मी सांगू शकत नाही." मुलांना हे नवीन होतं. वर्षभर त्यांनी जे विचारलं त्याचं काही ना काही उत्तर मिळालं होतं. पणजोबाने तोंड उघडलं आणि ‘पण’ न म्हणताच मिटलं. वकीलीणबाईने पुस्तक दप्तरात घातलं, चेन लावली आणि उरलेला तासभर ती खिडकीबाहेर बघत बसली. बाईंनी खरा शेवट वाचून दाखवायचा विचार केला. पण मुंगीच्या रिकाम्या जागेकडे बघून तो बेत सोडला.

चार दिवसांनी निरोप आला. मोठ्या बाईंनी वर्गात येऊन सांगितलं की आपल्या एका मैत्रिणीची आई गेली आहे, तेव्हा ती परत आल्यावर सगळ्यांनी तिच्याशी नीट वागायचं. बाई दाराशी उभ्या राहून मुलांचे चेहरे बघत होत्या. वकीलीणबाईचा चेहरा एकदम लाल झाला. तिने बाईंकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, आणि कळल्याने तिला बरं वाटलेलं नव्हतं. मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी आली, काहीतरी बोलायला म्हणून, आणि पेन्सिलीला टोक करून परत गेली.

वडील दहाव्या-अकराव्या दिवशी भेटायला आले. या वेळी ते बाकावर बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणाले, तुमचे उपकार झाले, पोरीला शेवटपर्यंत काही कळलं नाही. हसत होती, वाचून दाखवत होती. "आमच्या हिने तर तो शेवट दोनदा वाचायला लावला," ते म्हणाले. "मग पोरीला जवळ ओढून घेतलं आणि म्हणाली, छान झाली गोष्ट. बराच वेळ सोडेचना. मी म्हटलं, दमशील."

बाईंनी मान डोलावली. छान, असं त्या आईने कुणासाठी म्हटलं असेल, हे त्यांना दिसत होतं. समोरच्या माणसाला ते दिसत नव्हतं, आणि दाखवायचं नाही असा शब्द त्यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीला न देताच दिलेला होता. त्या म्हणाल्या, मी काही विशेष केलं नाही. ते खरंच होतं, पण वडिलांना तो विनय वाटला.

मुंगी वर्गात परत आली. अक्षर तसंच, जागा तीच. मुलं तिच्याशी इतकी नीट वागत होती की बिचारीला जीव नकोसा व्हावा; कुणी तिला डब्यातलं देतं, कुणी बाक पुसून देतं. शुक्रवारच्या तासाला बाईंनी पुन्हा पातळ पुस्तकं काढली. मोठ्या बाईंचा तसा हुकूम होताच. आणि नसता तरी त्यांच्यात दुसरं काही काढायचं बळ उरलं नव्हतं. वाचून झाल्यावर त्या विचारायच्या, आणि मुलं म्हणायची, छान. त्यात खट्याळपणा नव्हता. मुलं त्यांना सांभाळून घेत होती, आणि ते बाईंना जास्त लागायचं.

एकदा त्यांनी मुंगीला एकटी गाठून विचारलं, की तुला त्या गोष्टीबद्दल काही बोलायचंय का. मुंगीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आत्ता नको." बाई बरं म्हणाल्या.

चौथी संपली. पुढची शाळा वेगळी, म्हणून दाखले न्यायला पालक येत होते. मुंगीचे वडीलही आले. त्यांनी दाखवलेल्या जागी सही केली, कागद घडी घालून खिशात ठेवला आणि तरी निघाले नाहीत. मग म्हणाले की पोरगी ते पुस्तक मागतेय. स्वतःचं हवंय म्हणते. तिला वाटतंय की तुम्ही वाचलंत तेच त्यात आहे. उघडल्यावर कळेल ना तिला. "घेऊन देऊ का, बाई? तुम्ही सांगाल तसं करतो."

खिडकीतून मैदान दिसत होतं. मुंगी तिथे पणजोबाशी कशावरून तरी वाद घालत होती आणि बोटाने त्याला काहीतरी ठासून सांगत होती.

बाईंनी मनात दोन्ही उत्तरं उलटसुलट करून पाहिली. हो म्हणावं, तर हा माणूस घरी बसून लेक शेवटच्या पानाशी कधी पोचते याची धास्ती घेत राहणार. नाही म्हणावं, तर जे तिला आधीच ठाऊक आहे ते तिच्यापासून लपवण्यात याचं आणखी एक वर्ष जाणार. खरं सांगावं, तर तिला दिलेला शब्द मोडणार.

"मला नाही माहीत हो," त्या म्हणाल्या.

वडिलांनी मान डोलावली, जणू हेच उत्तर अपेक्षित होतं. बाहेर पुढच्या पालकांनी दार वाजवलं, तेव्हा ते बरं म्हणाले, येतो म्हणाले, आणि पायऱ्या उतरून लेकीकडे गेले.